बेंचची पत्रावळ

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडला, की चँडलरमध्ये, या परदेशी वाळवंटातल्या गावात, आमच्या कॉलनीतल्या गॅरेजची दारं एकेक करून वर जायला लागतात. मेपासून सप्टेंबरपर्यंत त्या दारांआड कुणीही दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबत नाही. गाडी आत घालायची आणि पळत घरात शिरायचं, एवढाच संबंध. आतल्या रंगाच्या डब्यांची झाकणं फुगतात, डिंक पातळ होतो, सायकलची सीट हाताला चटका देते. मग एका सकाळी दार उघडावं तर हवेत थोडासा गारवा. अगदी कणभर, पण पाच महिने भट्टीत काढलेल्या माणसाला तेवढाही पुरतो. समोरचे म्हातारे गृहस्थ खुर्ची टाकून बसतात, कुणी मुलांच्या सायकलींमध्ये हवा भरतं, आणि उन्हाळाभर गाडीच्या काचेआडून नुसते हात हलवणारे शेजारी एकमेकांशी बोलायला लागतात. आपल्याकडे ऑक्टोबरच्या नावानं लोक कपाळाला आठ्या घालतात. इथं ऑक्टोबर म्हणजे सुटका.

या वर्षी मीही दार वर केलं आणि आठवडाभर नुसती बेंचकडे बघत उभी राहिले. गॅरेजच्या डाव्या भिंतीला माझा सुतारकामाचा बेंच आहे. त्याच्यावर हार्डबोर्डची सहा फुटी फळी आठ स्क्रूंनी बसवलेली आहे. तीन उन्हाळे काढून तिच्या कडा वर वळल्यात, मधे खड्डे पडलेत, लाकूड ठेवलं की डुगडुगतं. ती बदलायला हवी. नवी फळी आणून भिंतीला टेकवूनही ठेवलीय. इथल्या मराठी मंडळात नव्यानंच आलेल्या एका मुलीला दिवाळीआधी पोळपाट करून द्यायचं कबूल करून बसलेय, आणि डुगडुगत्या फळीवर पोळपाट होत नाही. आठ स्क्रू, दहा मिनिटांचं काम. पण हात धजत नव्हता. कारण त्या फळीवरचा जवळजवळ प्रत्येक चरा नानांच्या हातचा आहे, आणि नाना आता पुन्हा इथं येणार नाहीत.

नाना म्हणजे माझे सासरे. कोल्हापुरात असतात, ठणठणीत आहेत, सासूबाईंशी, म्हणजे माईंशी, भांडण्याइतका जोर अजून आहे. पण डोळे गेले. अगदी मिट्ट अंधार नाही, समोरच्या माणसाची नुसती कड दिसते, चेहरा दिसत नाही. डॉक्टरांनी आणि त्यांनी स्वतःही, एवढ्या लांबचा प्रवास आता नको म्हणून सांगून टाकलं. ते आणि माई शेवटचे आले त्याला तीन वर्षं झाली. सहा महिन्यांसाठी आले होते, सप्टेंबरच्या अखेरीला, परतीचं तिकीट मार्चचं.

नाना पॅटर्न मेकर होते. लग्न होऊन या घरात येईपर्यंत मला हा धंदा माहीतच नव्हता. लोखंडाची वस्तू ओतायची, समजा पंपाचं कवच, तर आधी हुबेहूब तशीच लाकडाची करावी लागते. ती वाळूत दाबायची, अलगद काढून घ्यायची, आणि उरलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. ती लाकडाची वस्तू म्हणजे पॅटर्न. गंमत अशी, की लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मापापेक्षा कणभर मोठा करावा लागतो. त्यासाठी त्यांच्याकडे एक वेगळी पट्टी असते. दिसायला नेहमीच्या पट्टीसारखीच, फक्त तिचा प्रत्येक इंच जरा थोराड. चाळीस वर्षं नानांच्या बेंचवर त्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी पडून असायच्या आणि त्यांचा हात कधी चुकला नव्हता. मग एका दिवशी चुकला. डोळे अधू व्हायला लागले होते आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. साधी पट्टी हातात आली, पॅटर्न झाला, ओतकाम झालं, आणि सगळा माल मापात लहान आला. भंगारात गेला. मालक एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं, असं माई म्हणायच्या. नानांनी त्या संध्याकाळी हत्यारं पुसली, तेलाच्या फडक्यात गुंडाळली आणि ट्रंकेत घालून कुलूप लावलं.

त्यानंतर वर्षभरानं ते आमच्याकडे आले, आणि सोफ्याच्या एका टोकाला जे बसले ते बसलेच. टीव्ही लावला तर बघायचे, बंद केला तर बंद टीव्हीकडे बघायचे. काही विचारलं तर उत्तर एकच, "चाललंय की." माई वैतागून म्हणायच्या, "दिवसभर घरात बसून माझ्या आमटीचं मीठ चाखत्यात नुसतं! आयुष्यात कधी चूल बघितली न्हाई, आता फोडणी शिकिवत्यात मला!" आम्ही हसायचो, नानाही हसायचे. पण ते हसणं पाहुण्याचं होतं. चाळीस वर्षं ज्यांच्या हातात हत्यार होतं, ते हात मांडीवर पालथे पडलेले बघवत नसत. ते मार्चमध्ये परत जायच्या आत त्यांनी एक, फक्त एक वस्तू आपल्या हातानं करावी, एवढंच मला हवं होतं. माझ्या नवऱ्याला, प्रसादला, ते बोलून दाखवलं तर तो म्हणाला, "नानांना सांगून कुणी काही करून घेतलंय का आजवर?" मग मी ठरवलं, सांगायचं नाही. बेंच करायचा. पाण्याजवळ नेलं की म्हैस आपोआप बसते.

आता मी पडले पृष्ठभागांची इंजिनिअर. इथल्या चिपच्या कारखान्यात सिलिकॉनच्या चकत्या घासून सपाट करणं हे माझं काम. केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढा उंचवटाही आम्हाला खपत नाही. अशा बाईनं बेंच करायचा म्हणजे तो लवकर पुरा होणं शक्यच नव्हतं. सांगाडा दोन दिवसांत उभा राहिला, गाडी मात्र अडली ती वरच्या फळीवर. टिकाऊ पाहिजे. उन्हाळ्यात तडकायला नको, ठोकलं तर पोचा यायला नको, डाग पडायला नकोत. मी दुकानांतून नमुन्यांचे तुकडे गोळा केले आणि गॅरेजच्या फरशीवर त्यांची परीक्षा मांडली. कडक चहा ओतला, डिंक वाळवला, गरम तवा ठेवला, हातोडी मारली, नाण्यानं ओरखडलं. आणि सगळ्यांत शेवटी, जी परीक्षा आमच्या कारखान्यातल्या कुणाच्याही डोक्यात आली नसती ती, ओली हळद. पोलादाचा पत्रा बाकीच्या सगळ्यांत पास झाला, पण ऑगस्टमधल्या गॅरेजमध्ये त्याला हात लावण्याची कल्पना करवेना, आणि पटाशी सटकून त्याच्यावर पडली तर धारेचं वाटोळं. स्वयंपाकघराच्या ओट्याचा दगड झकास, पण त्याच्यावर हातोडी आपटली की दोघांतलं एक फुटणार. सनमायका गुळगुळीत, पण लाकूड त्याच्यावरून साबणासारखं पळतं. भुशाचा दाबलेला बोर्ड चहा पिऊन फुगला. बांबू हळदीत जन्माचा पिवळा झाला.

प्रसाद चहाचा कप घेऊन दारात यायचा आणि हे प्रदर्शन बघायचा. "रेवती, माझं स्थळ तू दोन भेटींत पसंत केलंस. या फळीला तीन आठवडे?"

"तुझ्यावर हळद ओतून बघितली नव्हती ना!"

"ती तर ओतली होती. सगळ्या मांडवानं ओतली होती."

शेवटी मेपलचं लाकूड जिंकलं. घट्ट, फिकट, दीड इंच जाड, एकसंध. किंमत बघून मी डोळे मिटले आणि कार्ड पुढे केलं. फळी आठ फुटी होती आणि आमची भिंत सहाची, म्हणून दुकानातच कापून घेतली. दोन फुटांचा उरलेला तुकडा घरी आणून कोपऱ्यात ठेवला. फळी बसवली, तेल पाजलं, तीन हात. उन्हाची तिरीप पडली की सायीसारखी चमकायची. नानांना हाताला धरून दाखवायला नेलं. त्यांनी कडेवरून एकदा अंगठा फिरवला, "ब्येस हाय," म्हणाले, आणि आत जाऊन बसले.

मी तरीही आशा सोडली नाही. रंधा आणला, करवत आणली, पटाशी आणली, बारीक खिळे आणले, सगळं बेंचच्या बाजूला नीट लावलं. आणि मग काय केलं, तर फळी धुळीनं खराब होईल म्हणून तिच्यावर प्लॅस्टिक पसरलं. प्लॅस्टिक फाटू नये म्हणून त्यावर वर्तमानपत्रं. वर्तमानपत्रं उडू नयेत म्हणून वर जुनी चादर. यात मला काडीचंही वावगं वाटलं नाही. आमच्या नाशिकच्या घरात सोफ्याचं प्लॅस्टिक सोफा भंगारात जाईपर्यंत निघालं नव्हतं. रिमोट पिशवीत असायचा, चांगल्या कपबशा कपाटात असायच्या, आणि कपाटाची किल्ली आईच्या कमरेला असायची. ज्याच्यावर जीव, ते झाकायचं. मला दुसरी रीत माहीतच नव्हती.

दिवाळी आली आणि गेली. बेंच चादर पांघरून झोपलेला, नाना सोफ्यावर बसलेले. मी मनातून त्यांच्यावर चिडायलाही लागले होते. इतकं केलं, एकदा बेंचपाशी उभं राहायला काय जातं?

नोव्हेंबरमधला एक शनिवार. मी भाजी घेऊन परतले, गॅरेजचं दार वर केलं, आणि गाडी बाहेरच थांबवली. नाना बेंचच्या पायाशी फरशीवर बसले होते. माझी योगाची चटई चार घड्या करून खाली घेतलेली, मेपलचा तो उरलेला तुकडा दोन पायांत दाबून धरलेला, आणि हातात पटाशी. माझी नव्हे, त्यांची. जुनी, मुठीला काळी पडलेली. ट्रंकेत कुलपात असलेली ती पटाशी माईंनी नऊवारीच्या घडीत गुंडाळून बॅगेतून आणली होती आणि दोन महिने कुणाला कळू दिलं नव्हतं. माई शेजारीच डबा पालथा घालून बसल्या होत्या.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"चपातीचं चाललंय," माई म्हणाल्या. "तुमच्या त्या ओट्यावर चपाती लाटायची म्हणजे लाटणं एकीकडं, मी एकीकडं. म्हटलं, जन्मभर लोकांच्या पंपाची लाकडं तासलीसा, मला एक पोळपाट द्या तासून. पोळपाटाला कुठं माप लागतंय?"

मी तीन आठवडे संशोधन केलं आणि माईंनी एका वाक्यात काम केलं. पण मला तेव्हा आनंदाच्या आधी भलतंच काहीतरी झालं. माझ्या तोंडून गेलं, "पण नाना, खाली का? एवढा बेंच केलाय तुमच्यासाठी!"

नानांनी पटाशी खाली ठेवली. माझ्या रोखानं मान वर केली. "ह्यो माझ्यासाठी केलाईस?"

"मग कुणासाठी?"

"मला वाटलं, शोभेसाठी. तीन तीन पांघरुणं घातल्यात. कडेला अंगठा फिरवला तर आरसा हाय. त्याच्यावर एक चरा उठला तर तुझा जीव जाईल, पोरी. मन धजत न्हाई तिथं पटाशी ठेवायला."

मला रडू फुटलं. भाजीच्या पिशव्या हातात तशाच. तो माणूस आधीच एका चुकीच्या धसक्यानं घरी बसलेला, आणि मी त्याच्यासमोर अशी जागा मांडून ठेवली होती, जिथं पुन्हा चुकायची सोयच नव्हती. टिकाऊ, टिकाऊ म्हणून मी जे निवडलं, ते फक्त टिकण्यासाठीच निवडलं होतं. काम कुठं करायचं, हा विचार त्यात नव्हताच.

माईंनी पदरानं माझं तोंड पुसलं. नाना भिंतीला धरून उठले, चादर ओढली, वर्तमानपत्रं ओढली, प्लॅस्टिक ओढलं. "लाकूड चांगलं निवडलंईस," ते म्हणाले. "पण पंगतीत आपण काय करतो? पत्रावळ मांडतो. जमिनीवर कुणी वाढत न्हाई. आणि जेवण झाल्यावर पत्रावळ कुणी धुऊन कपाटात ठेवत न्हाई. ह्या बेंचला एक पत्रावळ घाल. कारखान्यात माझ्या बेंचवर सागाची फळी होती, कधी कुणाला दिसली न्हाई. वर स्वस्तातली फळी ठोकायची, ती खर्चायची, टाकायची, दुसरी ठोकायची. चाळीस वर्षांत किती टाकल्या त्याचा हिशेब न्हाई. बेंच मात्र तोच."

दुपारीच आम्ही दोघं दुकानात गेलो. मेपलच्या रांगेतून सरळ पुढे, मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, जिथं कुणी थांबत नाही तिथं, हार्डबोर्डच्या फळ्या होत्या. माझ्या तीन आठवड्यांच्या यादीत त्यांचं नावही नव्हतं. त्यातली एक घेऊन घरी आलो, आणि नानांनी ती मापात कापायला सांगितली. रेघ मी आखली, करवत मी धरली, कोपरे त्यांनी चाचपून जुळवले. आठ स्क्रू बसले. मग त्यांनी पटाशी घेतली आणि त्या कोऱ्या तपकिरी फळीवर, बरोबर मधोमध, हातभर लांब एक चरा ओढला. खर्र. मी दचकले.

"झालं," नाना म्हणाले. "आता भीती गेली."

माझ्या आठवणीतला तो हिवाळा म्हणजे मेपलच्या किसाचा वास. सकाळी कामावर निघताना गॅरेजमधून रंध्याचा आवाज येत असायचा आणि मला उशीर झालेला असूनही मी दोन मिनिटं थांबायचे. दार वर, ऊन आत, फरशीवर फिकट किसाची भेंडोळी, आणि नाना बेंचवर वाकलेले. वाकायची खरं तर गरज नव्हती, दिसत तर फारसं नव्हतंच. सगळं काम अंगठ्याचं. पोळपाटाच्या पाठीवर तो फिरायचा, थांबायचा, परत मागं यायचा. "हितं चढ हाय." मला काही दिसायचं नाही. एकदा मी हट्टानं पोलादी पट्टी आडवी ठेवली आणि कागदाहून पातळ पातं खालून सरकवून बघितलं. पट्टी हलकेच डुलली. चढ होता. बरोबर तिथंच होता. कारखान्यात हेच शोधायला आमच्याकडे खोलीएवढं यंत्र आहे, असं मी त्यांना सांगितलं, तर त्यांनी गंभीरपणे विचारलं, "मग त्या यंत्राला अंगठा हाय का?"

माईंना पोळपाट मिळाला, तीन पायांचा, न डुलणारा. त्याच्यावरची पहिली चपाती त्यांनी नानांच्या ताटात वाढली आणि चक्क मिठाबद्दल कुणी काही बोललं नाही. मग मंडळातल्या एकीनं बघितला, मग दुसरीनं. हळदीकुंकवाला माझ्याकडे बायका आल्या त्या वाण घ्यायच्या आधी गॅरेजमध्ये शिरल्या. "नानाकाका, प्लीज मला पण एक! इथे मिळतात ते सगळे स्लिप होतात यार." मी मेपलचे आणखी तुकडे आणत गेले आणि मार्चपर्यंत नानांनी अकरा पोळपाट केले. मला एक वस्तू हवी होती.

त्या पोळपाटांच्या पोटावर, पायांच्या मधे, ते पेन्सिलीनं काहीतरी लिहायचे. अक्षर मोठं, चाचपत लिहिलेलं. *उन्हात ठेवू नये. भिजत घालू नये.* मी म्हटलं, मी सांगते की त्यांना, लिहायला कशाला हवं? त्यावर नानांनी सांगितलेलं मी विसरले नाही. पॅटर्न ओतशाळेत जातो तेव्हा करणारा तिथं नसतो. वाळूत तो दाबणारा माणूस कोण, त्याला काय माहीत असेल, काही ठाऊक नसतं. कुठली बाजू वर, कुठं जपायचं, हे त्याला विचारायचं झालं तर विचारणार कुणाला? म्हणून सांगायचं ते लाकडावरच, आतल्या अंगाला लिहून ठेवायचं. "ज्याला लागंल, त्याला तिथंच सापडतंय," नाना म्हणाले.

जायच्या आदल्या आठवड्यात एकदा ते मला बेंचची फळी काढून बसलेले दिसले. आठही स्क्रू वाटीत. काय झालं विचारलं तर म्हणाले, "ढिलं झालं हुतं." मी बॅगा भरण्याच्या गडबडीत होते. जाताना त्यांनी पटाशी बेंचवरच ठेवली. मी आठवण केली, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मला आता तिकडं काय, मीठच चाखायचंय."

तीन उन्हाळे गेले. मी पोळपाट करायला शिकले, वाईट करायला आधी, बरे करायला नंतर. पण खरं सांगते, गेल्या वर्षापासून मी त्या फळीवर काम करताना खाली एक रबरी चटई अंथरायला लागले होते. नानांचा तो पहिला चरा पुसट होऊ नये म्हणून. डिंकाच्या वाटीची गोल खूण, पेन्सिलीचे आकडे, करवत सटकली तिथला दात, सगळं जसंच्या तसं राहावं म्हणून. या शनिवारी सकाळी मी ती चटई झटकून परत अंथरत होते, आणि माझी बारा वर्षांची मुलगी गार्गी सीरिअलचा बाऊल घेऊन दारात उभी राहून बघत होती.

"आई," ती म्हणाली, "यू आर कव्हरिंग द कव्हर!"

मी हसायला गेले आणि हसता आलं नाही. प्लॅस्टिक, वर्तमानपत्र, चादर. पत्रावळसुद्धा धुऊन कपाटात ठेवायला निघालेली बाई मी. मी स्क्रूड्रायव्हर घेतला.

आठवा स्क्रू निघाला आणि आम्ही दोघींनी फळी उचलून उलटी टेकवली. खाली मेपल होतं, तसंच, सायीसारखं, जणू कालच तेल पाजलेलं. आणि फळीच्या आतल्या अंगाला पेन्सिलीनं, मोठ्या, चाचपत लिहिलेल्या अक्षरांत, एकावर एक चढलेल्या ओळी होत्या.

*रेवती. ही जपू नये. टाकावी. नवी घालून कामास लागावे.*

गार्गीला मराठी वाचता येतं, हळू. तिनं एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचलं. मी फरशीवर बसले, तिथंच, जिथं ते चटईच्या घडीवर बसले होते. किती ओळखलं होतं त्यांनी मला! ज्या माणसाला माझा चेहरा धड दिसत नव्हता, त्यानं माझा स्वभाव अंगठ्याखालून घातला होता, कुठं चढ आहे तो बरोबर शोधला होता, आणि त्यावरचा उपाय अशा जागी लिहून ठेवला होता, की फळी काढण्याचं धैर्य केल्याशिवाय तो मिळणारच नव्हता. आपल्यात मोठ्या माणसांना थँक्यू म्हणायची रीत नाही. म्हटलं तर ते परकं वाटतं. पण त्या वेळी नाना समोर असते तर मी म्हटलं असतं, परकं वाटलं तरी.

जुनी फळी आम्ही बाहेरच्या कचऱ्याच्या मोठ्या डब्यापाशी नेऊन ठेवली. गार्गीनं विचारलं, कापून तेवढं लिहिलेलं ठेवू या का? मी म्हटलं, नको, वाचलं ना आपण.

नवी फळी मापात कापली. बसवायच्या आधी ती उलटी केली आणि कानामागची पेन्सिल काढली. "वाय वुड यू राइट देअर?" गार्गी म्हणाली. "नोबडी विल सी इट." मी म्हटलं, ज्याला लागेल त्याला तिथंच सापडेल. तिला पलीकडे तोंड करायला लावलं आणि दोन ओळी लिहिल्या. काय लिहिलं ते तिला फळी काढायची वेळ येईल तेव्हा कळेल.

आठ स्क्रू बसले. कोल्हापुरात तेव्हा संध्याकाळचे साडेआठ वाजले असतील, जेवणं व्हायची असतील. मी फोन लावला. माईंनी उचलला, नानांच्या हातात दिला आणि चपात्या लाटायला आत गेल्या.

"नाना, फळी काढली."

"वाचलंस?"

"वाचलं."

"टाकलीस?"

"टाकली. नवी घातली."

"हं," नाना म्हणाले. एवढंच. त्यांना व्हिडिओ दाखवून उपयोग नव्हता. मी फोन बेंचच्या कडेला ठेवला, त्यांची पटाशी घेतली, कोऱ्या तपकिरी फळीच्या बरोबर मधोमध टेकवली, आणि डोळे न मिटता, हातभर लांब, जोर लावून ओढली.

खर्र.

फोनमधून नानांचा आवाज आला, माझ्याशी नव्हे, आत कुठंतरी चपात्या लाटणाऱ्या माईंना सांगणारा, अख्ख्या वाड्याला नाही तरी निदान शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल असा:

"अगं ए, ऐकलंस का! पोरगी लागली कामाला!"